चार वाटांची बातमी, एका बैठकीत



भाताची कापणी जवळ आली की गावात एक प्रश्न हमखास निघतो, 'औंदा पीक किती येणार?' मुरबाडकडच्या माळावरचा शेतकरी सांगेल, आठ आणेसुद्धा नाही. उल्हास नदीच्या काठचा म्हणेल, बरे आहे. दुकानदार उधारीवरून अंदाज बांधील, तर रस्त्याने जाणारा साहेब गाडीतूनच पाहून 'हिरवेगार आहे' असे लिहून मोकळा होईल. यात खोटे कोणीच बोलत नाही. पण जो तो आपल्या बांधावरून पाहतो.

म्हणूनच पैसेवारी एकट्याच्या शब्दावर ठरत नाही. मंडळ अधिकारी, तलाठी, सरपंच, ग्रामसेवक, सोसायटीचे चेअरमन आणि गावचे जाणते शेतकरी एकत्र बसतात. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून, कापून, झोडून, वजन करतात. मगच आकडा लिहिला जातो. तो आकडा पन्नास पैशांच्या वर की खाली, यावर गावाची सवलत अवलंबून असते.

परक्या देशाकडून आपल्याला धोका आहे काय, असल्यास कोठून व किती, हेही असेच ठरवावे लागते. फरक एवढाच, की येथे अंदाज चुकला तर सवलत बुडत नाही, माणसे जातात.

ठाण्याचा किल्ला तुम्ही पाहिला असेल. आज तेथे मध्यवर्ती कारागृह आहे. १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने हा किल्ला पोर्तुगिजांकडून घेतला. पुढे १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पुण्यात गादीचा वाद पेटला. त्याच सुमारास मुंबईकर इंग्रजांना बातमी लागली, की साष्टी आणि वसई परत घेण्यासाठी पोर्तुगिजांचे आरमार येत आहे. मुंबईच्या कौन्सिलात ही बातमी तोलली गेली. पोर्तुगीज ठाण्यात बसले तर मुंबईचे नाक दाबले जाईल, असा हिशेब झाला आणि १७७४ च्या डिसेंबर अखेरीस इंग्रजांनी स्वतःच ठाणे घेतले. एका बाजूला बातमी बैठकीत आली, तिच्यावर विचार झाला. दुसऱ्या बाजूला घरातच भांडण होते. पुढचा इतिहास आपण जाणतोच.

आता अलीकडचे पाहू. आपल्या देशात बातमी मिळवणारी खाती अनेक आहेत. देशाच्या आतले पाहणारा गुप्तवार्ता विभाग, म्हणजे आयबी. बाहेरच्या देशांतले पाहणारी रॉ, तिची स्थापना १९६८ ची. सैन्याच्या तिन्ही दलांची आपापली गुप्तवार्ता खाती. शिवाय सीमा सुरक्षा दल, तटरक्षक दल, चोरट्या मालावर नजर ठेवणारे महसुली गुप्तवार्ता खाते आणि राज्याराज्यांचे पोलीस. या साऱ्यांनी आणलेले एकत्र तोलण्यासाठी दिल्लीत संयुक्त गुप्तवार्ता समिती नेमलेली होती. कल्पना उत्तम होती. पण समिती तेव्हाच कामाची, जेव्हा प्रत्येक जण आपले माप तिच्यापुढे ओततो.

१९९९ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला कारगिलजवळ बटालिक भागात ताशी नामग्याल नावाचा मेंढपाळ हरवलेला याक शोधत डोंगरात फिरत होता. दुर्बिणीतून पाहताना त्याला वर अनोळखी माणसे खोदकाम करताना दिसली. त्याने लागलीच सैन्याला कळवले. घुसखोरीची पहिली पक्की खबर दिली ती अशी आपल्यासारख्याच एका माणसाने! त्या लढाईत आपले ५२७ जवान धारातीर्थी पडले.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. तिला काय आढळले? वर्षभर आधी, जून १९९८ मध्ये, आयबीने सीमेपलीकडच्या हालचालींबद्दल एक टिपण पाठवले होते. ते पंतप्रधानांना, गृहमंत्र्यांना आणि इतर काही वरिष्ठांना गेले. पण ज्या तिघांकडे ते आधी जायला हवे होते, त्यांच्याकडे गेलेच नाही. ते तिघे म्हणजे रॉचे प्रमुख, लष्करी गुप्तवार्तेचे प्रमुख आणि संयुक्त समितीचे अध्यक्ष. पाटाला पाणी सोडले, पण ज्या वाफ्याला हवे तेथलेच दार बंद राहिले, असाच हा प्रकार. संयुक्त समितीला द्यावे तेवढे महत्त्व दिले गेले नाही, असेही चौकशीत स्पष्ट लिहिले गेले.

या चुकीतून पुढे सुधारणा निघाली. २००१ च्या अखेरीस 'मल्टी एजन्सी सेंटर' म्हणजे बहुविध यंत्रणांचे एकत्र केंद्र सुरू झाले. तरीही घाव बसतच राहिले. १३ मार्च २००३ रोजी कर्जतकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलुंड स्थानकात स्फोट झाला. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या घराघरांत त्या रात्री कामावरून येणाऱ्या माणसाची वाट पाहिली गेली. मग २६ नोव्हेंबर २००८ उजाडला. समुद्रमार्गे दहा जण मुंबईत उतरले आणि १६६ माणसे मारली गेली. समुद्राकडून हल्ला होऊ शकतो, मोठ्या हॉटेलांवर नजर आहे, अशा सूचना आधी येऊन गेल्या होत्या. पण एक सूचना एका टेबलावर, दुसरी दुसऱ्या टेबलावर. राज्य सरकारने नेमलेल्या राम प्रधान समितीनेही आलेल्या सूचना हाताळण्यातल्या त्रुटींवर बोट ठेवले.

त्यानंतर ते एकत्र केंद्र रात्रंदिवस चालू झाले. आपल्याजवळची माहिती तेथे ठेवणे खात्यांना बंधनकारक झाले आणि राज्यांच्या राजधान्यांतही त्याच्या शाखा जोडल्या गेल्या.

तुम्ही विचाराल, अशा बैठकीत करतात तरी काय? तर तेच, जे शहाणा शेतकरी बाजारात करतो. समजा, कल्याणच्या बाजार समितीत तिघे जण तुम्हाला सांगतात, की उद्या कांदा पडणार. तीन तोंडांची बातमी म्हणून तुम्ही घाईने माल काढता. मागून कळते, तिघांनीही एकाच अडत्याकडून ऐकले होते! म्हणून पहिला प्रश्न: या तीन बातम्यांचे मूळ एकच तर नाही? दुसरा: सांगणारा पूर्वी किती वेळा खरा ठरला? तिसरा: त्याने स्वतः पाहिले की ऐकले? चौथा: याचा दुसरा काही अर्थ निघतो का? शत्रूचे सैन्य हलले, ते चढाईसाठी की नेहमीच्या कवायतीसाठी? आणि पाचवा, सर्वांत अवघड: आपल्याला ऐकायला आवडते म्हणून तर आपण हे खरे धरत नाही ना?

बैठकीत सर्वांचे एकमत झालेच पाहिजे असे नाही. उलट, एखाद्याला पटत नसेल तर त्याचे म्हणणे दडपून न टाकता नोंदवून ठेवणे शहाणपणाचे असते. 'खात्री आहे', 'शक्यता आहे' आणि 'नुसते कानावर आले आहे' या तिन्हींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ते पुसले गेले की निर्णय घेणारा फसतो. खोटी ओरड रोज झाली तरीही घात होतो, कारण मग खरी हाक कोणी ऐकत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या दाराजवळची. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंबरोबर इराकला गेले आणि तेथून एका अतिरेकी संघटनेकडे वळले. मुले बेपत्ता झाल्याचे पोलिसांना कळवले ते घरच्यांनीच. अशा वेळी पोलीस ठाण्याची पायरी चढणे आईबापांना किती जड गेले असेल, याचा विचार करा. पण अशी खबर घरातूनच निघते. ती दिल्लीतल्या कोणत्याही यंत्राला आधी दिसत नाही.

तेव्हा आपण काय करावे? गावचा पोलीस पाटील हा या साखळीचा अगदी पहिला दुवा आहे. काही वावगे दिसले तर त्याला किंवा पोलीस ठाण्याला सांगा, ११२ वर फोन करा. कल्याण-डोंबिवलीभोवतीच्या गावांत पुष्कळांनी चाळी बांधून खोल्या भाड्याने दिल्या आहेत. त्यांनी भाडेकरूची नोंद पोलिसांत वेळेवर करावी. उत्तनसारख्या किनाऱ्यावरचे कोळी बांधव अनोळखी होडी दिसताच कळवतात. २००८ च्या त्या रात्री बधवार पार्कच्या कोळीवाड्यात उतरलेल्यांना पाहून हटकले होते ते कोळ्यांनीच, हे विसरू नका.

सांगताना मात्र जे पाहिले तेवढेच सांगा. कधी, कोठे, किती माणसे, गाडीचा नंबर काय. नाव, जात, धर्म, पेहराव यांवरून कोणाला संशयाच्या पिंजऱ्यात उभे करू नका. मोबाइलवर आलेली अफवा पुढे ढकलू नका. मागच्या भांडणाचा वचपा म्हणून तर कोणाचे नाव मुळीच देऊ नका. ताशी नामग्यालने डोंगरावर कोण आहे याचा निकाल दिला नाही. माणसे दिसली, एवढेच त्याने सांगितले. ती कोण, हे शोधणे पुढच्यांचे काम होते.

पीक कापणीला तुम्ही शेतात असता, तेव्हा काट्यावर डोळा ठेवता ना? तसाच डोळा आपल्या शिवारावर ठेवा. वजन करणारे बैठकीत बसलेले आहेत. त्यांच्यापुढे खरा दाणा जावा, भेसळ जाऊ नये, एवढे तुमच्या-आमच्या हाती आहे.