गिअर का अडकतो? पेडणे-डिचोलीच्या वाटांवरील मोटारसायकल

जमीन आणि गाडी

उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे तालुके शेजारचे असले, तरी मोटारसायकलला दोन्हीकडे वेगवेगळा त्रास होतो. पेडण्यात मोरजी, मांद्रे, हरमल, केरी ही वाळूची, खाऱ्या वाऱ्याची किनारपट्टी आहे आणि आतल्या बाजूला जांभ्या दगडाचे सडे. डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी, खडे चढ आणि लाल धूळ. खाणकाम २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबले. चढ आणि धूळ मात्र राहिली. हीरो इम्पल्स (२०११), रॉयल एनफिल्ड हिमालयन (२०१६), हीरो एक्सपल्स २०० (२०१९) या गाड्या अशाच कच्च्या वाटांसाठी घडवलेल्या आहेत. तरीही पावसाळ्याच्या अखेरीस गिअरची तक्रार सुरू होते आणि ‘गिअरबॉक्स गेला’ असा निष्कर्ष लगेच काढला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा गिअरबॉक्सच्या बाहेर असतो.

गिअर बदलतो कसा

मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधील दातेरी चाकांच्या जोड्या नेहमी एकमेकींत गुंतलेल्याच असतात. त्यांपैकी कोणती जोडी शक्ती वाहून नेणार, एवढेच लिव्हर ठरवतो. पायाने लिव्हर हलला की शिफ्ट शाफ्ट फिरतो, तो खाचा असलेल्या ड्रमला एक घर पुढे सरकवतो, त्या खाचांतून चालणारे फोर्क चाकाला बाजूला ढकलतात आणि चाकाच्या अंगावरचे उंचवटे, म्हणजे डॉग, शेजारच्या चाकात जाऊन बसतात. ड्रम प्रत्येक घरात नेमका थांबावा म्हणून स्प्रिंगवर दाबलेला एक रोलर असतो. लिव्हरच्या एका हालचालीत एकच गिअर पडण्याची ही व्यवस्था इंग्लंडच्या वेलोसेट कंपनीत हॅरल्ड विलिस यांनी १९२८ च्या सुमारास शर्यतीच्या गाडीसाठी विकसित केली. आजच्या गाड्यांची पद्धत त्याच तत्त्वावर चालते. डॉग सहज बसण्यासाठी त्यांच्यावरचा इंजिनाचा भार क्षणभर पूर्ण उतरावा लागतो. हे काम क्लचचे. म्हणून गिअरची तपासणी क्लचपासून सुरू होते.

इंजिन बंद ठेवून परीक्षा

निदानाची सर्वांत उपयोगी पायरी बिनखर्चाची आहे. इंजिन बंद करून, गाडी हलकेच पुढे-मागे ढकलत, एकेक गिअर वर आणि खाली टाकून पाहायचा. ढकलणे आवश्यक आहे, कारण उभ्या गाडीत डॉग समोरासमोर आले तर निरोगी गिअरही पडत नाही. बंद गाडीत सगळे गिअर सुरळीत पडतात आणि इंजिन चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असे समजावे. बंद गाडीतही अडत असतील, तर दोष लिव्हरपासून ड्रमपर्यंतच्या भागात शोधावा. गिअर पडतो पण जोर देताच सुटतो, तर डॉग किंवा फोर्क झिजलेले असण्याची शक्यता मोठी.

क्लच आणि केबल

क्लच न सुटण्याची पहिली खूण म्हणजे सिग्नलला उभे असताना न्यूट्रल न सापडणे आणि पहिला गिअर टाकताना खाड्‌कन धक्का बसणे. पेडण्याच्या किनारी भागात याचे कारण अनेकदा केबल असते. केरीहून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीच्या उतरंडीवर खारे पाणी उडते, हवेतही मीठ असतेच. केबलच्या आवरणात गंज धरतो आणि तार जड चालते. हँडलजवळच्या टोकाशी तारेचा एखादा धागा तुटून वर आलेला दिसला, तर ऑइल सोडून भागत नाही, केबल बदलावी लागते. धागे तुटत जातात तशी केबल लांबते आणि क्लचचा लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा वेगळ्या होत नाहीत. लिव्हरच्या टोकाशी किती मोकळी हालचाल असावी हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. लहान गाड्यांत ती साधारण १० ते २० मिलिमीटर असते. त्याहून जास्त मोकळीक म्हणजे अर्धवट सुटणारा क्लच, आणि मोकळीकच नसणे म्हणजे घसरणारा क्लच.

डिचोलीकडे कारण वेगळे. चिकट लाल चिखलाच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच बराच वेळ धरला की प्लेटा तापतात आणि स्टीलच्या प्लेटा किंचित वाकतात. वाकलेली प्लेट शेजारच्या प्लेटेला घासत राहते. अशा वेळी केबल कितीही ताणली तरी गिअर सुधारत नाही. प्लेटा काढून सपाट काचेवर ठेवून तपासाव्या लागतात. त्याच वेळी क्लचच्या घराच्या खाचाही बोटाने चाचपून पाहाव्यात. तिथे पायऱ्या पडल्या असतील, तर नव्या प्लेटाही त्यांत अडकतात.

लिव्हर

गाडी डाव्या अंगावर पडली की पहिला मार गिअरच्या लिव्हरला बसतो. जांभ्याच्या दगडावर आपटलेला लिव्हर आत वाकून इंजिनाच्या कव्हरला टेकतो आणि त्याची अर्धी हालचाल खुंटते. दुसरा दोष याहून साधा: लिव्हर शिफ्ट शाफ्टच्या दात्यांवर आवळणारा छोटा बोल्ट सैल होतो, लिव्हर जागच्या जागी डुलतो आणि गिअर अर्धवट पडतो. तिसरा चिखलाचा. लिव्हर आणि कव्हर यांच्यामधला ओला जांभा वाळून विटेसारखा घट्ट होतो. जाड बूट घालणाऱ्याने लिव्हर शाफ्टवर एक दाता वर बसवणे योग्य, नाहीतर बुटाचे टोक त्याखाली नीट जात नाही आणि वरचा गिअर अपुरा पडतो. मात्र लिव्हर सरळ करूनही तो सावकाश परतत असेल किंवा त्याच्या मुळाशी ऑइल झिरपत असेल, तर आतला शाफ्टच वाकला असल्याचा संशय घ्यावा.

ऑइल आणि पाणी

बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स यांना एकच ऑइल असते, आणि गिअरचे दाते ते चिरडून पातळ करतात. म्हणून जुन्या ऑइलवर गिअर कडक लागणे हे स्वाभाविक लक्षण आहे. ओल्या क्लचसाठी जासो एमए किंवा एमए-२ दर्जाचे, पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचे ऑइलच वापरावे. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेल्या मोटारीच्या ऑइलाने क्लच घसरतो. पावसाळी व्हाळातून गाडी नेल्यावर तापलेले इंजिन एकदम थंड होते आणि श्वासनळीतून पाणी आत ओढले जाऊ शकते. ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचे दिसले, तर गाडी न चालवता ते लगेच बदलणे हाच उपाय.

चेन

चेनचा संबंध सहसा लक्षात येत नाही. एक्सपल्सच्या मागच्या चाकाची उभी हालचाल १७० मिलिमीटर, जुन्या हिमालयनची १८० मिलिमीटर. चाक वर जाताना चेन ताणली जाते. उभ्या गाडीत घट्ट केलेली चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टला ओढते, आणि त्या ताणाखाली चाके सहज सरकत नाहीत. अशा गाड्यांना चेनची ढील साध्या गाडीपेक्षा जास्त लागते. लाल धुळीतील लोहाचे ऑक्साइड धातूला चकाकी आणण्यासाठी वापरतात, इतके ते झिजवणारे आहे. चेनवर ऑइलात कालवून बसले की तेच काम ते तिथे करते.

उघडावे लागते तेव्हा

दोन गिअरांच्या मध्येच न्यूट्रल लागणे हे नेहमी यंत्राचे दुखणे नसते; पायाचा दाब अपुरा असला तरी तसे होते. दाब पूर्ण असूनही होत असेल, तर रोलरची स्प्रिंग किंवा लिव्हर परत आणणारी स्प्रिंग पाहावी. बहुतेक एकसिलिंडर गाड्यांत हे भाग उजवीकडच्या क्लच कव्हरमागे असतात आणि इंजिन न उतरवता हाताशी येतात. डॉग आणि फोर्क यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी इंजिन चौकटीतून काढून त्याची दोन्ही अंगे वेगळी करावी लागतात, आणि झिजलेली चाके जोडीने बदलावी लागतात. हा खर्च टाळण्यासाठी सुटणाऱ्या गिअरवरच गाडी चालवत राहणे मात्र चूक आहे: प्रत्येक सुटण्याबरोबर डॉगच्या कडा आणखी गोल होतात आणि खाणीच्या उतारावर इंजिनाचा ब्रेक ऐनवेळी नाहीसा होतो.