वाणात दिली लोकर

संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत तुमच्या घरात किती चहाच्या गाळण्या जमतात? माझ्याकडे गेल्या चार-पाच वर्षांच्या मिळून अकरा होत्या. शिवाय साबणाच्या डब्या, कंगवे, प्लॅस्टिकच्या वाट्या वेगळ्याच. डझनाच्या भावात आपण आणतो, घेणारी माळ्यावर टाकते आणि पुढच्या वर्षी तीच डबी फिरून आपल्याकडे येते! यंदा मी ठरवलं, गाळणी नाही. आलेल्या प्रत्येकीच्या हातात लोकरीचा एक गुंडा ठेवायचा. पन्नास ग्रॅमचा, पांढरा नाहीतर फिकट पिवळा.

याला कारण आमच्या गल्लीतल्या आशाताई. बाळ जन्मल्यावर ४२ दिवसांपर्यंत त्या ठरावीक दिवशी घरी येऊन बाळाचं वजन, ताप, अंगावर पिणं बघतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. आमचा सांगली जिल्हा उसाचा. दिवाळीच्या सुमारास बीडकडची ऊसतोड मंडळी येतात ती उन्हाळा लागेपर्यंत फडाच्या कडेला कोप्या घालून राहतात. त्यांच्यातल्या कितीतरी लेकी-सुना इथेच बाळंत होतात. आशाताई म्हणाल्या, ‘‘ताई, बाळ जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं असतं, पण डोकं उघडं. आणि पहाटे फडावर थंडी काय असते, तुम्हाला माहितीये.’’ मी गेली वीस वर्षं विणते आहे. म्हटलं, टोपडं विणायला काय लागतं?

एका गुंड्यात दोन टोपडी होतात. एक दवाखान्यासाठी, दुसरं तुमच्या घरातल्या नाहीतर नात्यातल्या बाळासाठी, असं मी वाण देताना सांगत होते. बऱ्याच जणींनी गुंडा हातात घेऊन आधी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. ‘‘अहो, मला येत नाही विणता,’’ हे वाक्य मी त्या संध्याकाळी निदान पंधरा वेळा ऐकलं. त्याची तयारी मी केली होती. मागच्या गल्लीतल्या काकूंना मी बोलावलं होतं.

काकूंबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या वेळी मला सुया धरायला त्यांनीच शिकवलं. त्या स्वतः शिकल्या त्या सायकलच्या चाकाच्या तारा दगडावर घासून केलेल्या सुयांवर. आमच्या भागात त्यांच्यासारखा गळा वळवणारी दुसरी बाई नाही. सोळा वर्षांपूर्वी काका गेले, तेव्हापासून काकू कुणाच्या हळदीकुंकवाला जात नाहीत. मी दरवर्षी आमंत्रण देते आणि दरवर्षी त्या हसून म्हणतात, ‘‘बाई गं, कशाला लोकांच्या तोंडी लागायचं? तू तिळगूळ घेऊन ये घरी.’’

आमच्या शेजारच्याच कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं थांबवायचं, असा. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही परिपत्रक काढून इतर गावांना हे उदाहरण घ्यायला सांगितलं. बचत गटाच्या बैठकीत आम्ही तो ठराव वाचला होता, टाळ्याही वाजल्या होत्या. पण ठराव कागदावर असतो आणि हळदीकुंकू दिवाणखान्यात. दिवाणखान्यात सासूबाई असतात, त्यांच्या मैत्रिणी असतात, आणि काकूंचा स्वतःचा संकोच असतो. तो संकोच सगळ्यांत चिवट.

म्हणून यंदा मी आमंत्रण दिलंच नाही. काम सांगितलं. ‘‘काकू, सव्वीस बायका येणार आहेत, त्यातल्या वीस जणींना टाके घालता येत नाहीत. मी एकटी काय करू?’’ काकू घटकाभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘सुया किती आणू?’’

त्या आल्या, काळ्या काठाची साधी साडी नेसून, हातात सुयांची पुरचुंडी. आमच्या सासूबाई पंच्याहत्तरीच्या. त्यांनी काकूंना पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पण आपल्या जवळची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. तिळगूळ मी दिला, कुंकू काकूंनी नको म्हटलं आणि मीही आग्रह केला नाही. आपला सुधारकपणा दुसरीच्या कपाळावर कशाला सिद्ध करायचा? एक आजी मात्र वाण न घेता, ‘‘मला जरा घाई आहे,’’ म्हणून उठून गेल्या. त्यांच्या सूनबाई दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या. गुंडा त्यांनी घेतला.

त्यानंतर तासभर आमच्या दिवाणखान्यात जे चाललं होतं ते बघण्यासारखं होतं. भरजरी काळ्या साड्या, अंगावर हलव्याचे दागिने घातलेली एक नवी नवरी, आणि सगळ्या जणी चटईवर काकूंभोवती कोंडाळं करून! ‘‘धागा आवळू नकोस, बाळाचं डोकं आहे, पोतं शिवत नाहीस,’’ काकू नवरीला सांगत होत्या. सुलट टाका, उलट टाका. कुणाचा निसटला, कुणाचे दोनाचे तीन झाले. आमचे हे चहासाठी आत डोकावले आणि आल्या पावली परत गेले.

ज्यांना घरी करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी माप देते. चार पदरी मऊ लोकर, दहा नंबरच्या सुया. ८४ टाके घालायचे आणि दोन सुलट, दोन उलट अशी वीण सरळ पाच इंचांपर्यंत चढवायची. या विणीनं टोपडं ताणतं, म्हणून बाळ थोडं मोठं झालं तरी चालतं. मग एका ओळीत दोन-दोन टाके एकत्र घ्यायचे, ४२ उरतात. पुढची ओळ उलट. पुन्हा दोन-दोन एकत्र, उरले २१. धागा लांब तोडून सगळ्या टाक्यांतून ओवायचा, घट्ट ओढायचा आणि त्याच धाग्यानं बाजूची शिवण घालायची. अगदी कमी वजनाच्या बाळासाठी ७२ टाके आणि चार इंच पुरे. वर गोंडा नको, बंद नको, गुंडी तर नकोच, बाळाच्या तोंडात जाते किंवा गळ्याशी अडकते. आतून धाग्याची टोकं नीट ओवून टाका. आणि धुऊन द्या. दुकानात आपण जिला लोकर म्हणतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते. ती धुवायला सोपी, पण विस्तवाजवळ वितळते. कोपीत चूल बाळापासून हातभर अंतरावर असते, तेव्हा हे आईला सांगायलाच हवं.

हळदीकुंकू झालं, सतरंज्या झटकल्या, सोफ्याखालचे तिळाचे दाणे चार दिवस निघत राहिले. आणि माझं रोजचं सुरू झालं. मला विचारतात, ‘‘तुम्हाला वेळ कसा मिळतो हो?’’ विचारण्यात थोडं असंही असतं की, हिला घरात काम नसेल. विणकाम रिकामपणी होतं हा मोठाच गैरसमज आहे. मी विणते ती कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत. नळाला पाणी येण्याची वाट बघताना. बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचे आकडे वाचले जात असताना. वीज गेल्यावर तर उत्तमच, सुलट-उलट बोटांना अंधारातही कळतं. ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर गेल्या नोव्हेंबरपासून सुयांवर आहे, पाठ झाली, पुढचा भाग काखेपर्यंत आलाय. ‘‘यंदाच्या थंडीत मिळेल का?’’ असं ते अधूनमधून विचारतात. लेकीला हॉस्टेलवर न्यायला शाल हवी आहे, तीही क्रोशाची, जाळीची. दोन्ही टोपलीत तळाशी गेलं आहे. सध्या वर टोपडी आहेत.

एका टोपड्याला सराईत हाताला चार तास लागतात. नव्या हाताला आठवडा. बाजारात तसंच टोपडं मशीनवर विणलेलं, दोन चहाच्या किमतीत मिळतं. ह्यांनी हा हिशेब मला करून दाखवला, अगदी प्रेमानं. हिशेब खराच आहे. फक्त मशीनच्या टोपड्यासाठी चौदा बायका दर गुरुवारी काकूंच्या ओसरीवर जमल्या नसत्या.

हो, चौदा. वाटले होते सव्वीस गुंडे. काही जणींनी गुंडा तसाच परत आणून दिला, ‘‘सासूबाईंना आवडत नाही सुया घेऊन बसलेलं,’’ म्हणाल्या. एकीच्या गुंड्याशी मांजर खेळलं. दोघींचा अजून पत्ता नाही, त्यांच्याबद्दल आपण आशा ठेवू. फेब्रुवारीच्या शेवटी मोजली तेव्हा एकोणीस टोपडी तयार होती. आजींच्या त्या सूनबाईंची दोन, घरच्यांचा डोळा चुकवून दुपारी माझ्याकडे बसून विणलेली. त्यांना मी काही विचारलं नाही.

ती एकोणीस घेऊन काकू, आशाताई आणि मी ग्रामीण रुग्णालयात गेलो. तिथे एक विशीतली आई बसली होती, ऊसतोडीला आलेली. बाळ पावणेदोन किलोचं. अडीच किलोच्या आतलं बाळ कमी वजनाचं धरतात. सिस्टरांनी ते आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लागेल असं ठेवलं होतं आणि वरून साडीनं बांधलं होतं. कांगारू पद्धत म्हणतात तिला. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरात, १९७०च्या दशकाच्या अखेरीस काचपेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून डॉक्टरांनी ती सुरू केली आणि आता जगभर वापरतात. आईच्या अंगाची ऊब हीच पेटी. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, मोजे आणि टोपडं, कारण बाळाचं डोकं त्याच्या अंगाच्या मानानं मोठं असतं आणि उघडं राहिलं तर ऊब तिथूनच निघून जाते. सिस्टर सांगत होत्या आणि काकू मान डोलवत होत्या, जणू हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

७२ टाक्यांचं टोपडंही त्या बाळाला सैल झालं. काकूंनी पिशवीतून सुई काढली, तिथेच बाकावर बसून शिवण चार टाके आत घेतली आणि स्वतःच्या हातानं टोपडं घातलं. आईनं विचारलं, ‘‘किती पैसे?’’ काकू म्हणाल्या, ‘‘तुझ्याकडं तिळगूळ आहे का?’’ नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिच्या पुडीतली गुळाची ढेप मोडून दिली. फेब्रुवारी संपत आला होता, पण काकूंनी तो खडा तोंडात टाकला.

निघताना सिस्टर म्हणाल्या, टोपडी आता महिनाभर पुरतील, पण मोजे अजिबात नाहीत. मोज्याची टाच वळवणं हा काकूंचा प्रांत, मला अजून ती सफाई नाही. येत्या गुरुवारी दुपारी तीन वाजता त्यांच्या ओसरीवर बसायचं ठरलं आहे. येताना अकरा नंबरच्या सुया आणा, दहाच्या चालणार नाहीत.