हालश्टाट : मिठाने राखलेले गाव

ऑस्ट्रियातील हालश्टाट या गावाचे एकच छायाचित्र जगभर फिरते. मागे सरळसोट डोंगर, पुढे तळे, काठाशी दाटीवाटीने उभी असलेली घरे आणि त्यांतून वर आलेला चर्चचा निमुळता मनोरा. ते टिपायला माणसे येतात, दोन-तीन तास थांबतात आणि परततात. चित्र खोटे नाही. पण या गावाचा उलगडा तळ्याकाठी होत नाही. त्यासाठी डोंगरावर जावे लागते, आणि मग डोंगराच्या पोटात.

रेल्वे इथे १८७७ साली आली, तीही तळ्याच्या पलीकडच्या काठाने. आजही गाडीतून उतरून बोटीनेच गावात यावे लागते. काठाने रस्ता झाला १८९० च्या सुमारास, काही ठिकाणी कडा सुरुंगाने फोडून. त्याआधी होडी, नाहीतर अरुंद पायवाट. शेतीला जमीन जवळपास नाहीच. मग अशा जागी माणसे राहिली कशासाठी? मिठासाठी.

मीठ म्हटले की आपल्याला समुद्रकाठची मिठागरे आठवतात. हालश्टाटचे मीठ सैंधवाच्या जातकुळीचे. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्राचे थर आल्प्सच्या उलथापालथीत डोंगरात गाडले गेले. इसवी सनापूर्वी १५०० च्या आसपास माणसे ते भुयारे खणून काढत होती. खाणीत सापडलेला लाकडी जिना इ.स.पू. १३४४-४३ मधला आहे. लाकडातील वर्षवलये मोजून एवढा नेमका काळ काढता आला, कारण मिठाने लाकूड कुजू दिले नाही. चामड्याच्या पाठपिशव्या, रंगीत कापडाचे तुकडे, विझलेल्या चुडी, सारे शिल्लक आहे. खाणकामगारांची विष्ठासुद्धा! २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिच्यात बिअरचे यीस्ट आणि निळ्या चीजची बुरशी आढळली. राजांचे मुकुट सगळीकडे जपले जातात. सव्वीसशे वर्षांपूर्वीच्या मजुराने काय खाल्ले, हे सांगणारी ठिकाणे फार थोडी.

खाणीच्या वाटेवरच्या दरीत १८४६ साली योहान गेओर्ग रामसाउअर या खाण-अधिकाऱ्याला प्राचीन थडगी सापडली. १८६३ पर्यंत त्याने सुमारे ९८० थडगी उघडली. पुरातत्त्वाचे शिक्षण त्याला नव्हते. तरी कोणती वस्तू सांगाड्याच्या कोणत्या बाजूला होती, याची त्याने नोंद ठेवली आणि थडग्यांची जलरंगचित्रे करवून घेतली. त्या काळी पुष्कळसे विद्वान मौल्यवान वस्तू तेवढ्या उचलून बाकीचे उकरून टाकत, हे लक्षात घेतले की या माणसाविषयी आदर वाटतो. थडग्यांत बाल्टिक किनाऱ्याकडचा अंबर आणि हस्तिदंत निघाले; म्हणजे मिठाच्या मोबदल्यात किती दूरचा माल या दुर्गम दरीत येत होता! युरोपच्या आरंभीच्या लोहयुगाला, साधारण इ.स.पू. ८०० ते ४५०, आज 'हालश्टाट संस्कृती' म्हणतात ते यामुळेच.

मध्ययुगात पद्धत बदलली. डोंगरात पाणी सोडायचे, मीठ विरघळू द्यायचे आणि ते खारे पाणी कढईत आटवायचे. उत्पन्न सरकारी खजिन्याचे. या मुलखाचे झाल्सकामरगुट हे नाव त्यावरूनच पडले. पण आटवायला सरपण लागते, आणि जवळचे जंगल पुरेना. तेव्हा १५९५ ते १६०७ या काळात पोखरलेले सुमारे १३,००० ओंडके एकापुढे एक जोडून एबेनझेपर्यंत ४० किलोमीटरची नळवाट टाकली गेली. लाकूड मिठाकडे आणण्याऐवजी मीठच लाकडाकडे नेले. त्या मार्गाच्या कडेने आज चालत जाता येते; हाताशी एकच दिवस असेल तर दुकानांची गल्ली सोडून हीच वाट धरावी.

छायाचित्रातल्या मनोऱ्याचीही कथा आहे. इथल्या खाणकामगारांपैकी अनेकांनी लूथरचा पंथ स्वीकारला होता. १७३४ पासून या परिसरातील अशा कुटुंबांना दूर ट्रान्सिल्वेनियात हद्दपार करण्यात आले. १७८१ च्या सहिष्णुतेच्या फर्मानानंतर मागे राहिलेल्यांना उघडपणे प्रार्थना करता आली. काठावरचा तो प्रसिद्ध मनोरा त्यांच्याच चर्चचा, एकोणिसाव्या शतकात बांधलेला. कॅथलिक चर्च वर, चढावर आहे.

त्या वरच्या चर्चपाशी दफनभूमी आहे, आणि ती अगदी लहान. म्हणून दहा-पंधरा वर्षांनी थडगे उघडून अस्थी बाहेर काढायच्या, कवटी उन्हात पांढरी होऊ द्यायची आणि शेजारच्या अस्थिगृहात ठेवायची, असा प्रघात पडला. तिथे बाराशेहून अधिक कवट्या आहेत. त्यांपैकी सहाशे दहा रंगवलेल्या. कपाळावर नाव, भोवती गुलाब, ओक किंवा आयव्हीची पाने. हे पाहून अनेकांच्या अंगावर काटा येतो. मला त्यात घरगुती माया दिसते. शेवटची कवटी १९९५ साली ठेवली गेली. ती १९८३ मध्ये वारलेल्या एका स्त्रीची. तिचा सोन्याचा दात अजून दिसतो.

मेलेल्यांना जागा अपुरी होती, तशी आता जिवंतांना होते आहे. १९९७ साली हा परिसर जागतिक वारसा यादीत आला. २०१२ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात गावाची प्रतिकृतीच उभी राहिली. लोकसंख्या आठशेच्या आत. गर्दीच्या दिवशी मात्र दहा हजारांपर्यंत पाहुणे. २०२० पासून पर्यटक-बसना आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. २०२३ मध्ये छायाचित्रांच्या आवडत्या जागेपुढे लाकडी कुंपण घातले गेले. ओरड झाल्यावर ते काढले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शंभरेक रहिवाशांनी गावाकडचा बोगदा अडवला. त्यांनी पर्यटन बंद करा असे म्हटले नव्हते. रोजच्या पाहुण्यांच्या संख्येला मर्यादा असावी आणि संध्याकाळी पाचनंतर पर्यटक-बस नसाव्यात, एवढीच त्यांची मागणी होती.