खाते टिकते कोठे?

कोरेगावातील एखाद्या पतसंस्थेचे खाते घ्या. जावा भाषेतील आज्ञावली चालू असताना संगणकाच्या स्मृतीत ते एक ‘ऑब्जेक्ट’ असते. खातेदार, ठेव, व्याज सारे त्याला जोडलेले. वीज गेली की सारे पुसले! म्हणून ते तबकडीवर उतरवून ठेवावे लागते.

ते कसे उतरवावे, यासाठी जावात दोन मानके आहेत. २००२ सालचे जेडीओ म्हणते, साठवण तक्त्यांची असो वा अन्य कसली, आम्हांस चालेल. २००६ सालचे जेपीए रकाने-ओळींच्या तक्त्यांपुरतेच बोलते. पहिले अधिक उदार, आणि खरे सांगायचे तर आम्हांस तेच अधिक आवडते. परंतु पतसंस्थेचा हिशेब तक्त्यांतच राहावयाचा. शिवाय ‘हायबरनेट’सारखे रुळलेले साधन जेपीए पाळते, त्यामुळे ते जाणणारी माणसे सहज मिळतात. आजचा लिहिणारा उद्या नोकरीसाठी पुण्यास गेला, तर काम दुसऱ्याने उचलावयाचे आहे. अशा कामी आम्ही जेपीएच सुचवू.

मात्र तक्त्यांची नावे माणसाला वाचता येतील अशी ठेवावीत. पुढे जेपीए ‘जकार्ता पर्सिस्टन्स’ झाले. २०२० सालच्या त्याच्या आवृत्तीकडे जाणाऱ्यांना आज्ञावलीत जागोजागी ‘जावाएक्स’ खोडून ‘जकार्ता’ लिहावे लागले. त्यासाठी तक्त्यांना हात लावावा लागला नाही.