रक्तातील दाहाच्या खुणा आणि आतड्याची शल्यक्रिया

रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून पोटातील आजाराचा अंदाज बांधण्याची रीत कोलकात्याला नवी नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मेडिकल कॉलेजात लिओनार्ड रॉजर्स यांनी, यकृतात पू होण्यापूर्वीच अमीबाजन्य दाह ओळखण्यासाठी या मोजणीचा आधार घेतला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील शल्यक्रियेत आज रक्ताला जे विचारले जाते ते याच जातीचे. मात्र प्रश्न दोन आहेत, आणि त्यांची वारंवार गल्लत होते.

पहिला प्रश्न शल्यक्रियेपूर्वीचा. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन हे 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तरसात प्रथम आढळलेले प्रथिन. ते लिटरमागे 10 मिलिग्रॅमांहून अधिक आणि अल्ब्युमिन 35 ग्रॅमांहून कमी असल्यास ग्लासगोच्या गणनापद्धतीत रोग्यास दोन गुण मिळतात (खरे तर हे अवगुणच!) आणि दीर्घायुष्याची आशा उणावते.

दुसरा प्रश्न नंतरचा: आतड्याची जोडणी गळते आहे काय? शल्यक्रियेच्या आघातानेच हे प्रथिन वाढते आणि साधारणतः दोन-तीन दिवसांनी ओसरू लागते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसांत ते पुरेसे उतरले, तर गळती नसल्याची ग्वाही बरीच भरवशाची. चढेच राहिले, तर मात्र गळतीच आहे असे म्हणता येत नाही. न्यूमोनिया किंवा जखमेतील पू एवढेही कारण पुरते. धोका सांगण्यापेक्षा अभय देण्यात ही खूण अधिक विश्वसनीय आहे. सुंदरबनातून कोलकात्यास आलेल्या रोग्याला घरी केव्हा धाडावे, हे ठरविताना या अभयाचे मोल कळते. होडीने नदी ओलांडून गेल्यावर गळती उद्भवली, तर परत येईतो उशीर झालेला असतो.