पाणी संपलं की आग बंद

साखर कारखान्यात आमच्या बॉयलर हाऊसला शिफ्टवर आलेला माणूस आधी गेज ग्लासकडे बघायचा, मग चहाकडे. त्या काचेच्या नळीत पाणी दिसतंय तोवर बॉयलर आपला. निवृत्तीनंतर बॉस्टनजवळ मुलीकडे राहायला गेलो, तर तिच्या तळघरातल्या बॉयलरलाही तशीच नळी.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जुन्या घरांत वाफेवरची हीटिंग अजून आहे. खाली गॅसवर किंवा तेलावर पाणी उकळतं, वाफ खोल्याखोल्यांतल्या बिडाच्या रेडिएटरमध्ये चढते आणि पाणी होऊन परत खाली येते. दाब जेमतेम, दर चौरस इंचाला दोन पौंडांच्या आत. आमच्या बॉयलरपुढे हे खेळणंच. पण आग ती आग. पाणी उतरलं की बॉयलरचं बीड कोरडंच तापत जातं. अशा वेळी घाबरून कुणी गार पाणी सोडलं तर बीड तडकतं, शिवाय पाण्याची वाफ होताना तिला हजार-दीड हजार पटींहून जास्त जागा लागते. म्हणून काचेत पाणी दिसेना, तर आधी आग बंद, मग बॉयलर पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम कारखान्यात आणि घरात एकच.

कारखान्यात काचेवर नजर ठेवायला पगारी माणूस असतो. घरातली मंडळी सकाळी कामाला जातात आणि थर्मोस्टॅट मात्र बर्नर पेटवत राहतो. तिथे हे काम ‘लो वॉटर कटऑफ’ करतो. मुलीकडचा जुन्या पद्धतीचा आहे: बॉयलरच्या अंगाला एक बिडाचं भांडं, आत फ्लोट. पाण्याची पातळी उतरली की फ्लोट खाली येतो, स्विच सुटतो, बर्नर विझतो. नव्या प्रकारात फ्लोटऐवजी एक धातूची कांडी पाण्यात बुडालेली असते. पाण्यातून किंचित वीज वाहते तोवर बर्नर चालू, पाणी उतरलं की सर्किट तुटतं.

फ्लोटचं भांडं गाळ धरतं, हीच त्याची खोड. गाळात फ्लोट अडकला की पाणी संपूनही तो वरच राहतो. म्हणून थंडीच्या दिवसांत आठवड्यातून एकदा ब्लो डाऊन. बर्नर चालू ठेवायचा, भांड्याच्या नळाखाली लोखंडी बादली धरायची आणि नळ उघडायचा. आधी गंजाचं तांबूस, चहासारखं कढत पाणी येतं. पाणी येत असतानाच बर्नर खाटकन बंद व्हायला हवा. नाही झाला, तर मिस्त्री येईपर्यंत बॉयलर बंदच ठेवायचा. जावई म्हणाले, “बाबा, सेफ्टीचं यंत्र आहे ना, मग रोज कशाला बघायचं?” मी बादली त्यांच्याच हातात दिली.

या उपायांचा इतिहास जुना आहे. 1803 साली लंडनजवळ ग्रिनिचला वाफेची इंजिनं बनवणाऱ्या रिचर्ड ट्रेविथिकचा बॉयलर फुटून माणसं दगावली. राखणीला ठेवलेला पोरगा मासे धरायला गेला होता. त्यानंतर ट्रेविथिकने बॉयलरला शिशाचं बूच बसवायला सुरुवात केली. पाणी उतरलं की बूच वितळणार आणि वाफ आगीवरच सुटणार. आपल्या प्रेशर कुकरच्या झाकणावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच जातीचा. कुकर कोरडा पडला की वितळतो आणि आपण डाळ करपली म्हणून चरफडतो.

‘हार्टफर्ड लूप’ ही पाइपची जोडणी तर मला फारच आवडली. 1866 साली सुरू झालेल्या हार्टफर्डच्या बॉयलर विमा कंपनीवरून हे नाव पडलं. परतीचा पाइप बॉयलरला थेट तळाशी न जोडता वर चढवून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली जोडतात. तो पाइप गळला तरी पाणी त्या जोडापर्यंतच उतरतं, बॉयलर रिकामा होत नाही. ना वीज, ना स्विच. नुसतं पाइपाचं वळण.

मुलीच्या घरात आपोआप पाणी भरणारा फीडरही आहे, आणि त्याच्यावर माझा फारसा भरवसा नाही. गळती असली तरी तो निमूट पाणी घालत राहतो, घरच्यांना पत्ता लागत नाही. ताज्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि बॉयलर आतून गंजतो. म्हणून तिच्या मिस्त्रीने नवा फीडर बसवला तो आकडा दाखवणारा. किती गॅलन पाणी घातलं ते त्यावर कळतं. आकडा भरभर चढायला लागला, की तळघराच्या फरशीखालचा परतीचा पाइप तपासायचा.