चाचा की सरखेल? कान्होजी आंग्रे यांच्याविषयीचे गैरसमज

कान्होजी आंग्रे समुद्री चाचे होते, हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट समज. मुंबईकर इंग्रजांनी तो रुजवला. पुढे १९०७ मध्ये बिडल्फ या इंग्रज लेखकाने मलबारच्या चाच्यांवर पुस्तक लिहिलं, त्यातही कान्होजींना याच पंगतीला बसवलं.

वस्तुस्थिती अशी, की चाचा कोणत्याही राज्याचा चाकर नसतो. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख होते. किनाऱ्यालगत जाणाऱ्या गलबतांनी त्यांचा दस्तक घ्यायचा, नाहीतर गलबत जप्त व्हायचं. पोर्तुगीजांनी 'कार्ताझ' नावाचा असाच परवाना त्याआधी दोनशे वर्षं इथल्या व्यापाऱ्यांवर लादला होता; त्यांना मात्र कोणी चाचे म्हणत नाही. इंग्रजांशी खरा वाद अडला तो वेगळ्याच मुद्द्यावर. ईस्ट इंडिया कंपनीची स्वतःची जहाजं सोडून देऊ, पण तिच्या परवान्याआड दडून देशी व्यापारी जकात चुकवतात, त्यांचं काय? कान्होजींचा हा प्रश्न रास्त होता. १७२४ मध्ये मुंबईचा गव्हर्नर फिप्स याने त्यांना नीतीचे धडे दिले, तेव्हा त्यांनी उलट लिहिलं, की दुसऱ्याचं ते आपलं करण्याच्या हावेतून व्यापारीही सुटलेले नाहीत.

आता उलट्या टोकाचा समज, आणि तो आपल्याच लोकांचा: कान्होजींच्या हातून कोणा निरपराधाला झळ लागलीच नाही. हेही खरं नाही. नोव्हेंबर १७१२ मध्ये त्यांच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरचं 'अ‍ॅन' हे जहाज पकडलं. लढाईत कंपनीचा कारवारचा अधिकारी चाऊन मारला गेला. त्याची तरुण, गरोदर पत्नी कॅथरीन कुलाब्यात कैद राहिली आणि ३०,००० रुपये खंडणी घेऊन पुढच्या वर्षी तिची सुटका झाली. ओलीस धरून पैसा वसूल करणं ही त्या काळची सर्रास रीत होती, पण त्या मुलीचे हाल त्याने कमी होत नाहीत. सरखेलांवर प्रेम करणाऱ्याने हे लपवू नये.

छत्रपतींच्या गादीच्या वादात ताराबाईंचा पक्ष सोडून कान्होजी शाहूंकडे गेले म्हणून कोणी त्यांना फितूर ठरवतं. पण आधी त्यांनी शाहूंचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कैद केलं होतं. नंतर पुढचे पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी वाटाघाटी केल्या आणि सरखेलपद व किल्ले कायम ठेवून त्यांना शाहूंच्या बाजूला आणलं. त्या तहाने दुभंगलेल्या राज्याचं आरमार एका छत्राखाली आलं.

अलिबागचा कुलाबा किल्ला कान्होजींनी बांधला, असंही सांगतात. त्याचं काम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात सुरू झालं आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. तिथे चाकांच्या गाड्यावर उभ्या असलेल्या दोन तोफांना 'कान्होजींच्या तोफा' म्हणून हात लावून फोटो काढले जातात. त्यांच्यावरचा मजकूर वाचा: यॉर्कशायरमधला लो मूर कारखाना. तो निघाला १७९१ मध्ये. कान्होजी वारले ४ जुलै १७२९ रोजी.

इंग्रज-पोर्तुगीजांना त्यांनी एकट्याने पाणी पाजलं, हे अर्धंच खरं. १७१८ मध्ये खांदेरी बेटावर चालून आलेले इंग्रज हात हलवत परतले, ते श्रेय सरखेलांचंच. पण १७२१ च्या डिसेंबरात दोघे मिळून कुलाब्यावर आले, तेव्हा पेशवे बाजीरावांचं घोडदळ मदतीला धावलं. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी परस्पर बाजीरावांशी तह केला आणि मोहीम फसली.

शेवटचा समज मनाला फार लागतो: आंग्र्यांचं आरमार इंग्रजांनी स्वबळावर बुडवलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर ते जळालं, तेव्हा वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींच्या जहाजांसोबत जमिनीवर नानासाहेब पेशव्यांची फौज उभी होती. त्या आरमाराचे धनी, कान्होजींचे पुत्र तुळाजी यांच्याशी पेशव्यांचं वैर होतं. ते मिटवायला इंग्रजांना आपणच बोलावलं.